शेवटचा प्रवेश

इंदुताईंचा अमेरिकन जावई नेथन ऑपेरा रचायचा. म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच, फक्त भांडणंसुद्धा सुरात. त्यांची लेक योगिनी गेल्यावर वर्षभराने तो रावेतला आला आणि सासूला त्याने मोबाइलवर नवा ऑपेरा ऐकवला. त्यात शेवटी मेलेली नायिका परत येते.

"ऑपरेशनला नेताना योगिनी मला 'येते' म्हणाली होती, आई," तो मोडक्या मराठीत म्हणाला. "म्हणून मी तिला परत आणलं."

इंदुताईंनी पदराने डोळे पुसले. निघताना तो पाया पडला.

"जातो, आई."

"अहो जावईबापू, 'जातो' नाही म्हणायचं!" सवयीने त्या बोलून गेल्या. "आपल्यात निघताना 'येतो' म्हणतात."



एक पाय बुटात घालून नेथन तसाच थांबला. "निघताना... सगळेच म्हणतात?"