कानामागचा मणी

आईच्या अंबाड्यात गजरा माळताना केतकीच्या हातून केसांचा आकडा निसटला, पण खाली पडला नाही. आईच्या कानामागे, जिथे कातडीखाली आठवणी धरून ठेवणारा मणी बसवला होता, तिथेच तो जाऊन चिकटला.

मणी लोखंड ओढत नाही, हे केतकीला पक्कं ठाऊक होतं. तिने मणी बसवणाऱ्या डॉक्टर सबनिसांना फोन लावला.

"मण्यातले शेजारचे अणू एकमेकांच्या उलट तोंडं करून बसतात, म्हणून तो लोखंड ओढत नाही," ते म्हणाले. "ओढतोय म्हणजे सगळे एकाच दिशेला वळायला लागलेत. परका धातू शिरल्याशिवाय असं होत नाही. त्यांच्या पोटात तांबं-बिंबं जातंय का?"

केतकीने ओट्याकडे पाहिलं. तिथे चिंचेने लख्ख घासलेला तांब्या होता. रोज रात्री तीच तो भरून ठेवायची आणि सकाळी अनशापोटी आईला ते पाणी पाजायची. तांब्याचं पाणी औषधाहून गुणकारी म्हणून!

"आणि आठवणींचं काय, डॉक्टर?"

"त्याही सगळ्या एकीकडेच वळतील."

गेला आठवडाभर आई दूधवाल्यालाही 'केतकी' म्हणत होती. केतकी तेव्हा हसली होती; खरं तर मनातून सुखावलीही होती.

तेवढ्यात आई उठून आरशासमोर गेली. गजरा पाहून खुदकन हसली आणि काचेतल्या चेहऱ्याला म्हणाली, "अगं केतकी, किती गं म्हातारी झालीस!"