अर्धी ओळ

"इथे आणणार? खरंच?" निशिगंधाने विचारलं.

"मग कुठं नेऊ गो? घरात कोण गातंय? इथं तुझ्याकडं वीस जण गातात," इंदुबाई म्हणाली.

गडब गावच्या बालवाडीत निशिगंधा बाई होती. इंदुबाई आठवड्यातून तीन सकाळी पोरांना गाणी शिकवायला यायची, निव्वळ हौसेने. आज तिचा हात धरून जगन दारात उभा होता. त्याची पावलं डगमगत होती.

"हजेरीत नाव नाही घालता येणार, इंदुताई."

"नाव नको. सतरंजीचा कोपरा दे."

जगनला बोलता येत नव्हतं. काहीही विचारा, "ना ना ना" एवढंच. पेणचे डॉक्टर म्हणाले होते, "घाई करू नका. गाऊन बघा. कधी कधी बोलण्याच्या आधी गाणं येतं." डॉक्टर सहज बोलून गेले असतील, पण इंदुबाईने ते देवाच्या कौलासारखं पदराला बांधलं.

त्याच आठवड्यात देवळाचा कारभार बघणारा कान्हू बालवाडीच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

"इंदुबाय, रामनवमीच्या पाळण्याचं काय? रोह्याला सांगून ठेवू का कुणाला?"

"कशाला? जगन म्हणेल."

"आधी पाणी मागता तरी येऊ दे!"

"म्हणेल, सांगते ना. नाय म्हटला तर मी पुन्हा कीर्तनाला बसणार नाय."

पेणपासून रोह्यापर्यंत कुठेही टाळ वाजला की पहिल्या रांगेत बसणारी ही बाई. तिने असं बोलणं म्हणजे जेवण सोडते म्हणण्यासारखंच होतं.

इंदुबाईची शिकवायची तऱ्हा कीर्तनातलीच. बुवा ओळ अर्धी गातात, हात पुढे करतात, आणि उरलेली ओळ लोक उचलतात. तीही तेच करायची. आधी टाळी, मग नुसती गुणगुण, मग अर्धी ओळ.

"हळू ओढा गं पाळण्याची दोरी…"

ती थांबली की वीस गळे एकदम उठायचे, "सावळा निजला कौसल्येघरी!"

हा पाळणा घरातलाच, कुठल्या पुस्तकातला नाही. आई मिठागरावर गेली की इंदुबाईने जगनला ह्याच गाण्यावर झोके दिले होते.

पहिले काही दिवस जगन नुसता बघत बसला. छोट्या लाल खुर्चीत बसायला त्याने मान हलवून नकार दिला. सगळे टाळ्या वाजवायचे, तो डावा हात मांडीवर आपटायचा. खिचडी अर्धी तोंडात, अर्धी शर्टावर. निकेशने तर विचारलंच, "ह्यो आमच्यात कशाला?"

पण भूमिकाने त्याला ताब्यात घेतलं. वय साडेचार, आवाज भोंग्यासारखा. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसायची आणि बोट उगारायची.

"ए जगन, तोंड उघड! असं! आ! मोठा आ कर!"

निशिगंधा तिला दटावायला निघाली. इंदुबाईने डोळ्यांनीच थांबवलं. जगनने मोठा आ केला होता.

"दातच नाय ह्याला पुढचे," भूमिकाने जाहीर केलं. वर्ग खिदळला, आणि जगनही हसला. कितीतरी दिवसांनी हसला. इंदुबाईने खिडकीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

शिमगा झाला, त्यानंतर एका सकाळी जगन पाळण्याच्याच चालीवर गायला, "पा…णी…"

निशिगंधाच्या हातातून खडू पडला. भूमिका कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मीच शिकवलं." आणि धावत जाऊन पेला भरून आणला.

त्यानंतर शब्द येत गेले, पण गाण्याचा हात धरूनच. पोरांच्या आवाजात तो ओळ पुरी करायचा. एकट्याने मात्र एकदाही नाही. नवमी चार दिवसांवर आली.

"सांगू का रोह्याला?" कान्हूने हळूच विचारलं.

"नको म्हणते ना!"

नवमीच्या सकाळी इंदुबाईने जगनला न्हाऊ घातलं. पांढरं धोतर नेसवलं, खांद्यावर उपरणं टाकलं, कपाळी बुक्का लावला. देवळात बायका एकमेकींना कोपर मारून म्हणाल्या, "काय शोभतो गो!" कान्हूने स्वतः माईकची उंची सारखी केली. बालवाडीची पोरं पहिल्या रांगेत बसली होती. त्यांचा अर्धा जीव सुंठवड्याच्या ताटात होता.

बाराला पाच मिनिटं उरली. पाळणा फुलांनी भरला होता. दोरी पुजाऱ्याच्या हातात.

जगन उभा राहिला. त्याने लोकांकडे बघितलं. ओठ हलले.

"ना… ना…"

कान्हूने घड्याळाकडे बघितलं आणि मान खाली घातली. इंदुबाईला पहिली ओळ सुरू करून द्यायची होती, पण जन्मभर गाणाऱ्या तिच्या गळ्यातून आज हवासुद्धा निघेना. तिने रामाकडे बघितलं आणि हात जोडले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून भूमिका उठली. कुणाला काही न विचारता तिने भोंगा सोडला.

"हळू ओढा गं पाळण्याची दोरी…"

आणि शिकवलं होतं तशी थांबली. हात पुढे केला.

जगनने डोळे मिटले. डावा हात मांडीवर पडला.

"सावळा… निजला… कौसल्येघरी!"

आवाज कापरा होता, पण सूर थेट जागेवर. पुढची ओळ त्याने आपली आपणच उचलली. मग त्याच्यापुढची. दोरी ओढली गेली, पाळणा हलला, घंटा वाजू लागल्या, फुलं उधळली गेली, आणि इंदुबाई रडत रडत टाळ वाजवत राहिली.

पाळणा संपला. पिकल्या मिशांचा कान्हू हार घेऊन पुढे आला. त्याने तो जगनच्या गळ्यात घातला, वाकून त्याच्या पायांवर डोकं टेकवलं आणि म्हणाला, "बुवा, चाळीस वर्षं ह्या देवळात रामजन्माचं कीर्तन तुमच्याच तोंडून ऐकलं. यंदा अर्धांगानं वाचा नेली, तरी थोरल्या ताईच्या पाळण्यानं खंड पडू दिला नाय."