मुलाची भीती

“मला मुलाची भीती वाटते,” म्हातारी म्हणाली आणि सगळ्यांच्या माना दुभाषी बाईंकडे वळल्या.

दुभाषी बाई इंग्रजीत सांगायला सरसावल्या आणि थबकल्या. किती साधं वाक्य! मराठीत एका ‘ची’वर भागलं होतं. इंग्रजीत भागणार नव्हतं. तिथं ‘फिअर’ म्हटलं की पुढे ‘ऑफ’ लावायचं की ‘फॉर’, हे ठरवावंच लागतं. ‘ऑफ’ लावलं तर मुलगा आपल्याला काही करील अशी भीती. ‘फॉर’ लावलं तर मुलाला काही होईल अशी. सकाळच्या इंग्रजीच्या शिकवणीत दुभाषी बाई स्वतः मुलांकडून हेच तर घोकून घ्यायच्या. रीझन फॉर, इंटरेस्ट इन, आन्सर टू. “प्रत्येक नामाचं लग्न ठरलेलं असतं,” त्या म्हणायच्या, “पण काही नामांनी दोन दोन घरं केलेली असतात. तिथं जपून.” वर्ग खो खो हसायचा.

इथं कोर्टात कुणी हसत नव्हतं. न्यायाधीश बाई पेन उचलून थांबल्या होत्या. त्यांना मराठीचं अक्षरही कळत नव्हतं. समोर बसलेल्या म्हातारीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. भिंतीपलीकडचा आरडाओरडा ऐकून शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं होतं, तेव्हापासून ती निवाऱ्यात राहत होती. तिनं घरी परतायचं की नाही, एवढंच आज ठरायचं होतं. मुलगा सांगत होता, आई बाथरूममध्ये घसरून पडली. पांढराशुभ्र शर्ट, खाली घातलेली मान, डोळ्यांत पाणी. ते पाणी काही खोटं वाटत नव्हतं.

आणि म्हातारी त्याच्याकडेच बघत होती. एकटक. दुभाषी बाईंचा स्वतःचा मुलगा नुकताच मोटारसायकल उडवायला लागला होता. “मला बाई पोराची भीतीच वाटते,” असं त्या बहिणीला फोनवर ऊठसूट सांगायच्या. न्यायाधीश बाईंनी पेनानं टेबलावर टकटक केलं.

“फिअर फॉर हर सन,” दुभाषी बाई म्हणाल्या.

मुलानं झटकन मान वर केली. त्याला दोन्ही भाषा येत होत्या. त्यानं दुभाषी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत आभार असतील असं त्यांना वाटलं होतं. पण तिथं नुसतं आश्चर्य होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. स्वतःचा हात मोडलेला असताना जिला मुलाचीच काळजी लागली आहे, त्या आईला परक्या छपराखाली ठेवण्यात काय अर्थ, असं न्यायाधीश बाई म्हणाल्या. दुभाषी बाईंनी म्हातारीकडे वाकून ते मराठीत सांगितलं. “आजी, आजच मुलाबरोबर घरी जायचं असं ठरतंय.”

“बरं,” म्हातारी म्हणाली. एवढंच. मग तिनं डाव्या हातानं चष्मा काढला, छातीवर दाबून कशाबशा काड्या मिटल्या, तो डबीत घातला आणि डबी पिशवीच्या पार तळाशी, कपड्यांच्या खाली, खुपसली.

दुभाषी बाई बघत राहिल्या. अजून जिना उतरायचा होता. बाहेर गाड्यांनी भरलेला रस्ता होता. अशा वेळी माणूस चष्मा डोळ्यांवर चढवतं. ही काढून लपवत होती, जणू घरी गेल्यावर तो फुटणारच होता.

आपण निवडलेला अर्थ चुकला असावा, हे त्यांना उमगलं. दुभाष्यानं दुसऱ्याचं बोलणं पोचवायचं, मध्ये आपलं काही घालायचं नाही, अशी शपथ घेऊन त्या इतकी वर्षं या खोलीत बसत होत्या. चूक कबूल केली तर पुन्हा इथं कोण बोलावणार? आणि गप्प बसलं तर कुणाला पत्ताही लागणार नव्हता. त्यांच्याखेरीज मराठी कळणारी दोनच माणसं तिथं होती. त्यातलं एक शर्टाची कॉलर नीट करत होतं.

त्या उभ्या राहिल्या.

“माझी चूक झाली,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “या बाईंच्या वाक्याचे दोन अर्थ होतात. मी न विचारता एक निवडला. मला त्यांना विचारू द्या.”

मुलाचा वकील ताडकन उठला. “निकाल झालाय! आता हे काय नवीन?”

न्यायाधीश बाईंनी हातानंच त्याला खाली बसवलं. त्या दुभाषी बाईंकडे बघत होत्या, आणि बघणं प्रेमाचं नव्हतं. “निकालावर माझी सही व्हायची आहे. विचारा. तुमचं काय करायचं ते नंतर बघू.”

मुलगा खुर्चीत पुढे सरकला. “आई,” तो अगदी मऊ आवाजात मराठीत म्हणाला, “नीट विचार करून सांग हं.”

दुभाषी बाईंनी तेही लगेच इंग्रजीत सांगून टाकलं. ते त्यांचं कामच होतं. मुलाचा चेहरा उतरला.

त्या म्हातारीसमोर खाली बसल्या. “आजी, मघाशी म्हणालात, मुलाची भीती वाटते. म्हणजे त्याला काही होईल अशी भीती? की तो काही करील अशी?”

म्हातारीनं मुलाच्या दिशेनं पाहिलं. चष्म्याशिवाय तिला तो धड दिसतही नसावा. मग तिनं चांगला हात दुभाषी बाईंच्या खांद्यावर ठेवला.

“त्याला काही होईल, अशी भीती वाटायची ना पोरी,” ती म्हणाली, “तेव्हा तो लहान होता.”