थंड इंजिन

पणजोबांनी घोडे विकले, आजोबांनी ट्रक विकले, वडिलांनी मोटारी विकल्या. आणि तिघांनीही गिऱ्हाइकाला माल दाखवला तो थंड असताना. फिरवून आणलेल्या घोड्याचे लंगडणे दिसत नाही, तापवलेल्या इंजिनाचे दुखणे दिसत नाही. त्या घराण्याची म्हणावी अशी दौलत एवढीच होती. चौथ्या पिढीतली बहीण आज मुलीला घेऊन भावाच्या जुन्या गाड्यांच्या शेडमध्ये उभी होती, एका छोट्या लाल गाडीसमोर. भावाने अकराला या म्हटले होते; ती दहालाच पोचली होती.

"दिसायला एवढीशी, पण टर्बो पेट्रोल आहे," भाऊ भाचीला सांगत होता. "हायवेला लागलीस की पाय नुसता टेकव. तू लॅबमध्ये पोचशील तेव्हा वॉचमन जांभया देत असेल."

"मग कुलूप कोण उघडणार, मामा?"

"तेही मीच येऊन उघडू का? आधी गाडी तर घे!"

मुलगी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. रक्त तपासण्याच्या लॅबमधली तिची नोकरी घरापासून चाळीस किलोमीटरवर होती. पहाटे पाचची बस, पुढे दुसरी बस, आणि संध्याकाळी तेच उलटे. रात्री जेवता जेवता तिचा डोळा लागे, आणि आई तिच्या हातातला घास काढून ताटात ठेवी. दोन वर्षे तिने निम्मे पैसे साठवले होते. उरलेले निम्मे आई आपल्या निवृत्तीच्या रकमेतून घालणार होती. मुलगी म्हणाली होती, जाताना एक मेकॅनिक बरोबर नेऊ या. आई कडाडली होती, "सख्ख्या मामाकडे जाताना मेकॅनिक? माझ्या माहेराला बट्टा लावतेस?"

"एकाच मालकाची आहे," भाऊ म्हणाला. "तळहाताच्या फोडासारखी जपली त्याने. आणि काल दुपारपासून मी चावीसुद्धा लावलेली नाही. ताईसाहेब येणार म्हणून थंड ठेवली. आपली रीत आहे ना!" बहीण धाकटी असूनही लाडात आला की तो तिला असेच म्हणे. बोलता बोलता त्याने डावा तळहात बॉनेटवर टेकवला आणि ऐटीत उभा राहिला.

त्या हाताकडे बहिणीला कधी सरळ पाहता आले नव्हते. ती आठ वर्षांची असताना वडिलांच्या गॅरेजमध्ये उकळत्या रेडिएटरचे झाकण उघडायला गेली होती. चौदा वर्षांच्या भावाने तिला ढकलून दिले आणि तिच्या तोंडावर येणारे उकळते पाणी स्वतःच्या हातावर घेतले. पुढे कातडी आली, पण स्पर्श आला नाही. त्या तळहाताला ऊन कळत नव्हते, गार कळत नव्हते. त्यानंतर पन्नास वर्षांत तिने भावाला कशालाही नाही म्हटले नाही. वडिलांच्या मागे गॅरेजची वाटणी झाली, तेव्हा तिने कागद न वाचताच सही केली होती.

आज तिला भरून आले. तिने आपला हात त्या हाताशेजारी ठेवला.

आणि चटक्यासरशी मागे घेतला.

शेडमध्ये उन्हाचा कवडसाही नव्हता. भावाचा तळहात मात्र होता तिथेच होता, तापलेल्या पत्र्यावर, निवांत.

ती गॅरेजमध्येच वाढली होती. तिला कुणी समजावून सांगायला नको होते. टर्बोचे सील गेले की उभ्या गाडीत रात्रभर ऑइल झिरपते, आणि सकाळी पहिल्या स्टार्टला मागून निळा धूर निघतो. गिऱ्हाईक येण्याआधी अर्धा तास पळवून आणली की धुराचा मागमूस राहत नाही. मग इंजिन निवेपर्यंत थांबायचे. तो तास तिने त्याला दिला नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "हात काढ तिथून. भाजेल."

त्याने आधी हाताकडे पाहिले, मग बहिणीकडे. चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी विरले.

"अगं, ती... दुसरी गाडी मागे अडकली होती, म्हणून जरा..."

"पुरे. आता आणखी एक खोटं नको. किंमत सांग. घरचा भाव नको, बाजारातला पूर्ण सांग."

मुलीने पर्समधून पाकीट काढले. आईने ते परत तिच्या पर्समध्ये सारले. "तुझे तुझ्याजवळ ठेव. दुसरीकडे बघू. येताना मेकॅनिक आणू." मग तिने गाडीच्या टपावर चेकबुक ठेवून, भावाने पुटपुटलेला आकडा ठळक अक्षरांत लिहिला. निम्मा नव्हे, सगळा. चेक त्याच्या खिशात ठेवला आणि किल्ली मागून घेतली.

"आई, मग मी चालवू ना?" मुलगी गोंधळून म्हणाली. "घेतली ना आपण?"

"नाही. बसने जायचं."

तिने भावाचा डावा हात पुढे ओढला, किल्ली त्या तळहातावर ठेवली आणि वाकडी झालेली बोटे एकेक करून मिटवली. किल्ली हातात आल्याचे त्याला पाहूनच कळले.

"पन्नास वर्षं या हाताचं देणं होतं माझ्यावर," ती म्हणाली. "आज सगळं फिटलं."