लिंबाची साल

बायको गेली आणि गच्चीतला गांडूळखताचा डबा त्याच्या गळ्यात पडला. "लिंबाची साल टाकाल तर याद राखा, बिचाऱ्यांना सोसत नाही," असा तिचा कायम दम असायचा.

तरी विसरून त्याने एकदा साल टाकलीच. सकाळी ती झाकणावर होती, पुसून ठेवल्यासारखी. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"बाबा, देऊन टाका तो डबा," लेक फोनवर म्हणाली.

"राहू दे गं."

मग तो रोज मुद्दाम साल टाकू लागला.

एका सकाळी झाकण रिकामं होतं. त्याने घाईघाईने ते उघडलं. ओल्या कागदाच्या कपट्यांखाली हात घालून तो चाचपडत राहिला.

"एवढी रागावलीस?"

आतून कुणीतरी साल हळूच त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.