जुनी तक्रार

"डोळे मिटा. बोटाला कापूस लागला की सांगायचं," फिजिओबाई म्हणाल्या.

मोटर-वाइंडरने डोळे घट्ट मिटले आणि उजवा हात उताणा करून टेबलावर ठेवला. विजेने भाजलेल्या त्या बोटांवर आता नवी गुलाबी कातडी होती. त्याच्याच अंगातल्या चिमूटभर पेशी घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेली. कातडी छान धरली होती, पण तिच्यात स्पर्श अजून उतरला नव्हता. आणि स्पर्शावाचून मोटरची बारीक तार गुंडाळायचं काम त्याला कायमचं सोडावं लागणार होतं.

शेजारी बायको जीव मुठीत धरून बसली होती.

"लागला," वाइंडर म्हणाला. "परत लागला. हा आता करंगळीला."

कापूस बाईंच्या हातातच होता. त्यांनी बायकोकडे बघितलं. बायकोने कपाळाला हात लावला. हा माणूस शाळेतही असाच पास झाला असणार.

"अहो," ती म्हणाली, "त्यांनी अजून काही लावलेलंच नाही."

वाइंडरचे कान लाल झाले. डोळे उघडायची लाज वाटून तो तसाच बसून राहिला. बायकोला रागही आला आणि दयाही आली. पुढे वाकून तिने त्याची कॉलर नीट केली. "होईल हो हळूहळू," असं काहीतरी पुटपुटली. तिला स्वतःलाही ते फारसं पटलं नाही.

त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मात्र एकमेकांवर घासत होती. तार चाचपून बघायची ती त्याची खोड, हातात तार नसली तरी चालूच. घासता घासता बोटं थांबली. पुन्हा घासली. कपाळावर आठी पडली.

"किती वेळा सांगितलं तुला," तो वैतागून म्हणाला, "केस घट्ट बांधत जा म्हणून. घरी कामाच्या टेबलावर तुझे केस, आता इथेही तुझेच केस."

त्याच्या चिमटीत खरंच एक लांब केस होता. बाई खुर्चीतून उठल्या.

"डोळे मिटलेलेच आहेत त्यांचे," त्या हळूच म्हणाल्या.

बायकोला रडू आलं आणि त्यातच हसूही फुटलं. लग्न झाल्यापासून या केसांवरून घरात कुरकुर चालू होती. तिने अंबाड्याची पिन काढली, केस मोकळे सोडले आणि त्याच्या हातापुढे मान झुकवली.

"करा तक्रार," ती म्हणाली. "पोटभर करा."