चाकाखालचं लिंबू

वडिलांच्या जुन्या मोटरसायकलला सूर्यकांतने महिनाभर शोधून नवे टायर आणले. म्हणाला, "गाडी जुनी असली तरी रबर आजचं हवं. पावसात घसरायला नको."

"माझ्या स्कूटरचे टायर पार गुळगुळीत झालेत," त्याची बायको संध्या म्हणाली. "मी रोज तिच्यावरून कामाला जाते."

"स्वल्प थांब गं. तुझी स्कूटर कुठे पळून चाललीय?"

आयुधपूजेला मोटरसायकलला हार चढला, पण चाकाखाली ठेवायला लिंबंच नव्हती. बाहेर पाऊस लागला होता.

"संध्या, स्कूटरवरून पटकन घेऊन ये. माझे नवे टायर चिखलात कशाला घालू?"

संध्याने स्कूटरची किल्ली त्याच्या तळहातावर आपटली. "तुम्हीच जा तिच्यावरून."

 

किल्ली परत देत तो म्हणाला, "नको, घसरेल ती. मी ऑटोने जातो."